क्लार्क स्ट्रीटवरचे मृत्यूचे दप्तर

न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत पुकीप्सी नावाचे शहर आहे. तिथल्या दफनभूमीत, अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशी यांची रक्षा पुरलेली आहे. वर त्यांच्या नावाचा दगड आहे. पण त्यांच्या मृत्यूचा दाखला शोधायला कुणी तिथल्या दप्तरात गेले, तर रिकाम्या हाताने परत यावे लागेल. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. पुकीप्सीला पोचली ती त्यांची रक्षा, मृत्यू नव्हे.

माणूस कुठे जन्मला, कुठे राहिला, कुठे पुरला गेला यावर मृत्यूची नोंद ठरत नाही. शेवटचा श्वास जिथे थांबला, तिथल्या दप्तरात ती होते. अमेरिकेत कुणाच्याही मृत्यूचा दाखला शोधताना पहिला प्रश्न हाच, आणि शोध फसतो तोही बहुधा इथेच. उपनगरात राहणारा माणूस अखेरच्या दुखण्यात दूरच्या मोठ्या रुग्णालयात जातो, ते रुग्णालय शेजारच्या काउंटीत असते, आणि नातवंडे घराच्या पत्त्यावरून भलत्याच कचेरीत अर्ज करत राहतात. त्यातून दप्तर सांभाळणारेही राज्यागणिक वेगळे. इलिनॉयमध्ये काउंटी क्लर्क, कॅलिफोर्नियात काउंटी रेकॉर्डर, न्यू इंग्लंडमध्ये टाउन क्लर्क, न्यूयॉर्क राज्यात गावोगावचे रजिस्ट्रार. न्यूयॉर्क शहराचा कारभार तर त्याहून स्वतंत्र.

या पसाऱ्यातले एकच दप्तर नीट पाहायचे तर शिकागोचे पाहावे. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे, तिथे मराठी कुटुंबे कित्येक दशके नांदत आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये याच शहरात स्थापन झाले. पहिल्या पिढीने आणलेल्या संसाराचा हिशेब आता तिथल्याच दप्तरात मिटू लागला आहे.

शहराच्या मध्यावर एका अख्ख्या चौकोनात दोन जुळ्या इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. लसाल स्ट्रीटच्या बाजूला महापालिका, क्लार्क स्ट्रीटच्या बाजूला काउंटी. काउंटीची इमारत १९०८ मध्ये पुरी झाली. तिच्या बऱ्याच आधी याच चौकोनात जे न्यायालय होते, ते ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या महाआगीत जळाले. मनोऱ्यातली घंटा शहराला धोक्याचा इशारा देता देताच खाली कोसळली. न्यायालयाच्या आत काउंटीची सगळी कागदपत्रे होती.

जमिनीचे कागदही त्यात जळाले. पण मालमत्तेच्या व्यवहारांचे गोषवारे करून विकणाऱ्या खासगी कंपन्या शहरात होत्या आणि त्यांच्या वह्या आगीतून वाचल्या. त्या वह्यांच्या आधारे पुढे शिकागोतली मालकी पुन्हा उभी करता आली, त्यासाठी १८७२ मध्ये कायदाही झाला. मेलेल्या माणसांच्या नोंदींची मात्र अशी नक्कल कुणी करून ठेवली नव्हती. कुणाला त्यातून पैसा मिळणार नव्हता. त्यामुळे आज कुक काउंटीचे मृत्यूचे दप्तर १८७१ पासून सुरू होते. त्याआधीच्या माणसासाठी चर्चच्या वह्या, दफनभूमीची पुस्तके आणि जुनी वर्तमानपत्रे चाळावी लागतात. जमिनीची नक्कल होती आणि माणसांची नव्हती, ही गोष्ट मला आगीइतकीच जाळते.

पुढे १८७७ च्या कायद्याने डॉक्टरांनी प्रत्येक मृत्यू काउंटी क्लर्कला कळवावा असे ठरले. कायदा झाला तरी कळवणारे थोडेच होते. राज्यभर एकसारखी नोंदणी १९१६ पासून सुरू झाली आणि तेव्हापासून एक प्रत राजधानी स्प्रिंगफील्डलाही राहू लागली. सगळा देश मृत्यूनोंदणीच्या क्षेत्रात यायला १९३३ उजाडले. शेवटी आले टेक्सस.

या दप्तराची खरी परीक्षा २४ जुलै १९१५ च्या सकाळी झाली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे कामगार कुटुंबकबिल्यासह सहलीला निघाले होते. ईस्टलँड नावाची आगबोट शिकागो नदीत, अजून धक्क्यालाच बांधलेली असताना, कुशीवर कलंडली. ८४४ माणसे गेली. प्रेते एका लष्करी शस्त्रागारात ओळीने मांडली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. एकेक घर येऊन आपले माणूस ओळखून नेत होते. ३९६ क्रमांकाच्या लहान मुलाला मात्र कुणी न्यायला येईना. अखेर शेजारच्या खेळगड्यांनी त्याला ओळखले. तो नोवोत्नी घराण्यातला सात वर्षांचा मुलगा होता. आई, वडील आणि बहीण त्याच बोटीवर गेली होती, त्यामुळे त्याची चौकशी करणारे घरात कुणी उरले नव्हते. मृत्यूच्या दप्तराचे काम काय, असे कुणी विचारले तर मी हेच सांगेन: क्रमांक पुसून तिथे नाव लिहिणे.

आता त्या कागदाकडे वळू. अमेरिकेतला मृत्यूचा दाखला दोन हातांनी लिहिलेला असतो. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, व्यवसाय, आईवडिलांची नावे ही माहिती फ्युनरल होमचा माणूस घरच्यांना विचारून भरतो, आणि माहिती देणाऱ्याचे नावही दाखल्यावर येते. मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितो. मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा अचानक असेल तर ते काम मेडिकल एक्झामिनर किंवा कोरोनर या चौकशी अधिकाऱ्याकडे जाते. कारण एका ओळीत उरकत नाही. पहिल्या ओळीवर तात्काळ कारण, खाली ते कशामुळे झाले, त्याखाली तेही कशामुळे, असे मुळापर्यंत उतरत जायचे. हृदय बंद पडले एवढ्यावर थांबलेला दाखला अपुरा, कारण हृदय शेवटी सगळ्यांचेच बंद पडते. इलिनॉयमध्ये हे सारे सात दिवसांत नोंदले गेले पाहिजे.

म्हणूनच या कागदावरची प्रत्येक ओळ सारखी विश्वासाची नसते. मृत्यूची तारीख, वेळ आणि जागा पक्की धरावी. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे नाव मात्र दुःखात बसलेल्या मुलाने किंवा जावयाने आठवेल तसे सांगितलेले असते. घराण्याचा इतिहास शोधणारे पुष्कळदा नेमके इथे फसतात. दाखला सरकारी आहे म्हणून त्यावरचे पणजीचे नावही खरे मानतात.

जुन्या नोंदीच्या शोधात आधी सूची येते. इलिनॉय राज्य अभिलेखागाराने १९१६ ते १९५० ची राज्यव्यापी सूची खुली केली आहे, तिच्याआधीच्या काळाची वेगळी आहे, आणि कुक काउंटीच्या कोरोनरने १८७२ ते १९११ या काळात केलेल्या चौकशांचीही एक आहे. सॉल्ट लेक सिटीच्या फॅमिलीसर्च या संस्थेने कुक काउंटीतल्या मृत्यूंची सूची विनामूल्य ठेवली आहे. हीच संस्था १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही मायक्रोफिल्मिंग करत आली. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आजोबापणजोबांची नावे निघतात. त्या परंपरेचे आणि शिकागोच्या सरकारी रजिस्टरचे रक्षण एकाच छताखाली झाले, याचे मला फार अप्रूप वाटते.

सूचीत नाव सापडणे ही वेगळीच कसरत. अमेरिकन दप्तरांत उच्चारावरून नावे लावण्याची साउंडेक्स नावाची पद्धत आहे, तिचे पहिले पेटंट १९१८ चे. ती पहिले अक्षर तसेच ठेवते, स्वर गाळते आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच अंक देते. त्यामुळे देशपांडे हे आडनाव शेवटी एक अक्षर जास्त लावून लिहिले तरी त्याच खणात सापडते. पण वाघ किंवा वैद्य एका भावाने डब्ल्यूने आणि दुसऱ्याने व्हीने लिहिले, तर दोघांचे खण कायमचे वेगळे. तेव्हा मराठी आडनाव शोधताना दोन्ही अक्षरांनी शोधावे, आणि मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव आडनावाच्या जागी पडले नाही ना, हेही पाहावे.

नोंद सापडली की मागणी. इलिनॉयमध्ये मृत्यूला वीस वर्षे झाल्यावर ती नोंद वंशावळीच्या अभ्यासासाठी खुली होते, मात्र तशी प्रत कायदेशीर कामाला चालत नाही. त्याहून ताजी नोंद फक्त जवळच्या नातेवाइकाला किंवा ज्याचा कायदेशीर संबंध आहे त्याला, ओळखपत्र दाखवल्यावर मिळते. कॅलिफोर्नियात ज्याला पूर्ण प्रतीचा हक्क नाही, त्याला फक्त माहितीपुरती प्रत मिळते आणि ती ओळखीचा पुरावा नाही हे तिच्यावरच छापलेले असते. शुल्क असते ते शोधाचे. नोंद निघाली नाही तर तसे लेखी मिळते, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून नाव, अंदाजे वर्ष आणि मृत्यूचे ठिकाण यांची आधी खात्री करून मगच अर्ज पाठवावा.

मराठी घरांसाठी या कागदाला आणखी एक प्रवास असतो. अस्थी भारतात न्यायच्या तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीची कागदपत्रे लागतात. गावाकडच्या सातबारावर वारस नोंद करायची, बँकेतली ठेव उचलायची, तर दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणपत्र, हवे. ते काउंटी देत नाही, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय देते. अमेरिका अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात १९८१ पासून आहे, भारत २००५ पासून. कागदाची किंमत आपल्याला नवी नाही. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावची कोतवाल बुके आणि गाव नमुना १४ ची मोडीतली पाने जाणकारांकडून वाचून घ्यावी लागली. जन्ममृत्यूची ओळ लिहिणाऱ्या कोतवालाला शंभर वर्षांनंतरचे हे काम ठाऊक नव्हते.

एक विनंती अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घराला. आपले पूर्ण नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगसह, आईचे माहेरचे नाव, जन्मगाव, तालुका आणि जिल्हा एका कागदावर लिहा आणि मुलांच्या हाती द्या. इलिनॉयमध्ये दाखल्यावर एकदा चूक उमटली की ती काउंटीच्या खिडकीवर सुधारत नाही. स्प्रिंगफील्डला आरोग्य खात्याकडे पुराव्यांसह अर्ज करावा लागतो. आणि प्रसंग आलाच, तर फ्युनरल होमला पहिल्याच वेळी साक्षांकित प्रती जास्तीच्या मागायला सांगा. बँक, विमा आणि गावचे तलाठी प्रत्येक जण स्वतंत्र प्रत मागतात.