विश्लेषण : रहाणे देऊन तेवतिया घेतला... ‘आयपीएल’मधील तो सौदा खरेच एकतर्फी होता का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थान रॉयल्सने कर्णधार संजू सॅमसनला चेन्नई सुपर किंग्जकडे दिले आणि बदल्यात रवींद्र जडेजा व सॅम करन यांना घेतले. त्या दिवसापासून ‘यात कोण फसले?’ हा वाद रंगला. सहा वर्षांपूर्वी याच राजस्थानने असाच एक मोठा खेळाडू देऊन दोघांना घेतले होते. तो खेळाडू म्हणजे अजिंक्य रहाणे. राहुरीला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द हे त्याचे जन्मगाव. त्या सौद्यात कोण जिंकले, याचे उत्तर दरम्यानच्या काळात एकदा नव्हे, अनेकदा बदलले. ते का बदलले, हे समजून घेतले तर असा कोणताही सौदा कसा तपासायचा हेही कळते.

सौदा नेमका काय होता?

१४ नोव्हेंबर २०१९ रोजी, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत असताना, राजस्थानने रहाणेला दिल्ली कॅपिटल्सकडे सोपवले. बदल्यात लेगस्पिनर मयांक मार्कंडे आणि अष्टपैलू राहुल तेवतिया राजस्थानकडे आले.

कागदावर दिल्लीचे पारडे जड दिसत होते. रहाणे तेव्हा भारतीय कसोटी संघाचा उपकर्णधार होता. २०१८ मध्ये स्टीव्ह स्मिथवर बंदी आल्यावर त्याने राजस्थानचे नेतृत्व करून संघाला बाद फेरीत नेले होते. २०१९ चा हंगाम अर्ध्यावर असताना त्याचे कर्णधारपद गेले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी त्याने जयपूरमध्ये दिल्लीविरुद्धच नाबाद १०५ धावा केल्या. त्याच्या तुलनेत तेवतिया आणि मार्कंडे ही नावे अनेक प्रेक्षकांना नीट ठाऊकही नव्हती.

मग राजस्थानचा फायदा कधी दिसला?

२७ सप्टेंबर २०२० रोजी, शारजात. पंजाबविरुद्ध राजस्थानला २२४ धावांचे लक्ष्य होते. वरच्या क्रमांकावर पाठवलेल्या तेवतियाने पहिल्या १९ चेंडूंत केवळ ८ धावा केल्या. मात्र १८व्या षटकात त्याने शेल्डन कॉट्रेलला पाच षटकार ठोकले आणि ३१ चेंडूंत ५३ धावा करून सामना फिरवला. धावांचा यशस्वी पाठलाग करण्याचा तो तेव्हाचा ‘आयपीएल’मधील विक्रम ठरला.

त्या हंगामात तेवतियाने २५५ धावा केल्या आणि १० बळीही घेतले. रहाणेला दिल्लीने नऊ सामन्यांत खेळवले, त्यात त्याच्या ११३ धावा झाल्या. २०२१ मध्ये तर त्याला दोनच सामने मिळाले. ‘दिल्ली फसली’ असा निकाल लागायला एवढे पुरेसे होते.

दिल्लीच्या हाती काहीच लागले नाही का?

तसे नाही. २ नोव्हेंबर २०२० रोजी अबू धाबीत बंगळूरुविरुद्धचा शेवटचा साखळी सामना दिल्लीसाठी मोलाचा होता. रहाणेने त्यात ४६ चेंडूंत ६० धावा केल्या. दिल्ली जिंकली आणि गुणतालिकेत दुसरी आली. पहिल्या दोन संघांना अंतिम फेरीसाठी दोन संधी मिळतात. मुंबईकडून हरल्यावर दिल्लीने ती दुसरी संधी वापरली, हैदराबादला हरवले आणि पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली. तिकडे पाच षटकारांचा तेवतिया असूनही राजस्थान त्या हंगामात तळाला राहिले.

म्हणजे हंगामाची बेरीज पाहिली तर तेवतिया पुढे होता. मात्र नेमक्या गरजेच्या वेळी रहाणेची एक खेळी दिल्लीला उपयोगी पडली. एकाच आकड्यावर निकाल लावला की ही बाजू दिसत नाही.

हिशेब कुठे थांबवायचा?

‘आयपीएल’मध्ये ठरावीक वर्षांनी महालिलाव होतो आणि बहुतेक खेळाडू पुन्हा बाजारात येतात. २०२२ च्या महालिलावापूर्वी दिल्लीने रहाणेला कायम ठेवले नाही आणि राजस्थानने तेवतिया व मार्कंडेलाही सोडले. त्यामुळे या सौद्याचा हिशेब दोन हंगामांतच संपला. तेवतियाचे दुसरे वर्ष पहिल्यासारखे गेले नव्हते, तर मार्कंडेला राजस्थानकडून फारशी संधीच मिळाली नाही.

गंमत पुढे आहे. गुजरात टायटन्सने तेवतियाला ९ कोटींना घेतले आणि २०२२ मध्ये राजस्थानलाच हरवून विजेतेपद मिळवले. रहाणेला कोलकात्याने एक कोटीत आणि पुढच्या वर्षी चेन्नईने अवघ्या ५० लाखांत घेतले. चेन्नईकडून त्याने २०२३ मध्ये १७२ च्या स्ट्राइक रेटने ३२६ धावा केल्या आणि तेवतियाच्या गुजरातला हरवून करंडक उंचावला. अदलाबदल केली दिल्ली आणि राजस्थानने, विजेतेपदे मात्र गेली तिसऱ्याच संघांकडे. ती या सौद्याच्या खात्यात जमा करता येत नाहीत.

शिखर धवनच्या सौद्यातही हाच मुद्दा येतो. २०१८ च्या अखेरीस हैदराबादने धवनला दिल्लीकडे दिले आणि विजय शंकर, शाहबाज नदीम व अभिषेक शर्मा यांना घेतले. धवनने दिल्लीसाठी पुढच्या तीन हंगामांत ५२१, ६१८ आणि ५८७ धावा केल्या. आज अभिषेककडे पाहून ‘दिल्लीने हिरा घालवला’ असे म्हटले जाते. मात्र २०२२ च्या महालिलावात हैदराबादला अभिषेकसाठी पुन्हा साडेसहा कोटी मोजावे लागले होते. तेव्हा त्याच्यावर बोली लावायची संधी दिल्लीलाही होती.

अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये चित्र वेगळे का?

‘एनबीए’मध्ये असा महालिलाव नसतो. नवोदित खेळाडू निवडण्यासाठी दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो आणि त्यात निवड करण्याचा भावी वर्षांचा हक्कही सौद्यात देता येतो. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने बोस्टन सेल्टिक्सकडून केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे उतारवयातील तारे घेतले व बदल्यात पुढच्या अनेक वर्षांचे हक्क देऊन टाकले. ब्रुकलिनला त्या दोघांसह बाद फेरीची एकच लढत जिंकता आली. बोस्टनला त्या हक्कांतून जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम मिळाले आणि २०२४ मध्ये याच जोडीने विजेतेपद आणले. तिथे चुकीच्या सौद्याचे हप्ते दहा वर्षे फेडावे लागतात. ‘आयपीएल’मध्ये चूक महालिलावापर्यंतच टिकते.

निर्णय चुकला की नशीब?

वांबोरीच्या बाजारात कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात उन्हाळ कांदा विकून देणी भागवली आणि सप्टेंबरमध्ये भाव वाढला, तर ‘चाळीत ठेवायला हवा होता’ असे सगळेच म्हणतात. पण चाळीतला कांदा सडला असता किंवा भाव पडला असता, तर तोच निर्णय शहाणपणाचा ठरला असता. निर्णय तपासायचा तो त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर.

या कसोटीवर रहाणेचा सौदा कसा दिसतो? बटलर, स्मिथ, सॅमसन आणि स्टोक्स असे वरच्या फळीतील फलंदाज राजस्थानकडे आधीच होते. उणीव होती ती खाली येऊन फटकेबाजी करणाऱ्या, दोन-चार षटके टाकणाऱ्या खेळाडूची. ती या सौद्यात भरली गेली. दिल्लीकडे धवन, पृथ्वी शॉ, श्रेयस अय्यर आणि ऋषभ पंत असताना रहाणे खेळणार कोणत्या क्रमांकावर, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवशीही विचारता येत होता. दिल्लीची चूक होती ती इथे. शारजातल्या त्या पाच षटकारांनी ती फक्त सर्वांना दिसली. कॉट्रेलचे ते षटक चांगले पडले असते तरी दिल्लीतील गर्दी तशीच राहिली असती.

दोघांनाही लाभणारा सौदा असतो का?

असतो, आणि त्याचेही उदाहरण शेजारचेच आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानला २००९ च्या सुरुवातीला बंगळूरुने मुंबईकडे दिले आणि रॉबिन उथप्पाला घेतले. बंगळूरुने त्याच वर्षी अंतिम फेरी गाठली, मुंबईने २०१० मध्ये. २०११ च्या लिलावात झहीर पुन्हा बंगळूरुकडेच गेला. कुणी फसले नाही, म्हणून त्या सौद्याची फारशी चर्चाही होत नाही.

खेळाडूच्या वाट्याला काय येते?

‘आयपीएल’च्या अदलाबदलीत खेळाडूची संमती लागते. पण नव्या संघात जागा मिळेलच, याची हमी कुणी देत नाही. रहाणे २०१६ नंतर भारताकडून एकही आंतरराष्ट्रीय टी-२० सामना खेळला नव्हता. दिल्लीच्या राखीव बाकावर बसल्याने ‘हा फक्त कसोटीचा फलंदाज’ हा शिक्का आणखी गडद झाला. त्याची किंमत पुढच्या लिलावांत दिसली. तो शिक्का पुसायला त्याला चेन्नईचा हंगाम मिळेपर्यंत थांबावे लागले. त्यानंतर तो कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी भारतीय संघात परतला आणि २०२५ मध्ये कोलकात्याचा कर्णधारही झाला. दोन वर्षे संधी न मिळालेला खेळाडू संपलेला असतोच असे नाही.

सॅमसन-जडेजा सौदा कसा पाहावा?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. सौद्याच्या दिवशी संघाला नेमकी कशाची उणीव होती? आलेल्या खेळाडूला संघात त्याची जागा आहे का? आणि पुढच्या महालिलावापर्यंत त्याने काय दिले? जडेजाने या सौद्यासाठी आपले मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आणले, तेव्हा वाचलेला पैसा राजस्थानने कुठे लावला, हेही हिशेबात धरावे लागेल. एका सामन्यातील पाच षटकारांवरून किंवा एका भोपळ्यावरून या सौद्याचा निकाल लावू नये.