साथीदारांचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये श्रीमती आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राकरवी नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली. त्यापूर्वी, जुलै २०२४ मध्ये, अरिजित सिंग यांना त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले होते. दोन्ही आदेश स्वागतार्ह आहेत. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगभूमीवर व संगीतक्षेत्रात जे संकट उभे केले आहे, त्याचा पहिला घाव थोरांवर पडणार नाही. तो साथीदारांवर पडेल. घाटमाथ्यावरच्या बेळगाव-निपाणी टापूचा विचार आम्हांस त्यामुळेच अगत्याचा वाटतो.

संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावनजीकच्या सुळेभावीचा. तथापि आम्हांस येथे स्मरण होते ते पं. रामभाऊ विजापुरे यांचे. २०१० साली नव्वदी ओलांडून ते निवर्तले; तोवर बेळगावात बसून त्यांनी पेटी वाजविली, शिकविली आणि कित्येक नामवंतांना साथ केली. त्यांच्या उमेदीच्या काळात, म्हणजे १९४० पासून पुढे तीन दशके, आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. सरकारी बंदी असूनही पेटीवाला जगला, कारण मैफलीला, नाटकाला आणि भजनाला तो हवा होता. यंत्राने त्याची गरजच संपविली तर मात्र बंदीचीही आवश्यकता उरणार नाही.

यंत्रांचे भय नवे नाही, असे कुणी म्हणेल. बोलपट आला तेव्हाही नाटक मंडळ्या बुडाल्याच. १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आणला आणि थोड्याच वर्षांत भल्याभल्या कंपन्यांचे पडदे गुंडाळले गेले. आमच्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी बोलपट काढून पाहिला, तोही व्यवहार त्यांना झेपला नाही. (बापाच्या कंपनीवर बोलपटाने घाला घातला आणि लेकीला आपला आवाज राखण्यासाठी न्यायालय गाठावे लागले, हा योग विलक्षणच!) परंतु एक भेद ध्यानी घ्यावा. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक नेला, तरी त्याला नट हवा होता, गायक हवा होता, वाद्यवृंदात वीसपंचवीस वादक हवे होते. एक दार बंद झालेल्या कलावंताला दुसरे दार ठोठावता आले. आजचे यंत्र कलावंताची ध्वनिमुद्रणे पोटात घेऊन तयार होते आणि त्यानंतर त्याला कलावंत लागत नाही.

बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक रात्रभर चालते. तिच्यातील सजीव देखाव्यांचे निवेदन व संवाद आधी मुद्रित करून घेण्याची चाल आहे. हौशी नटाला, होतकरू गायकाला अशा कामांतून चार पैसे सुटतात आणि नावही होते. निवडणुकीची गाणी, रिक्षावरून फिरणारी जाहिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पार्श्वसंगीत ही त्याच जातीची कामे. मजकूर टंकून दिला की काही मिनिटांत चाल, ठेका आणि आवाज तयार करणारी साधने आज भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहेत. ऑर्केस्ट्रातील वादकांची जागा कराओकेच्या तयार संगीताने आधीच घेतली. आता उरलेला आवाजही जाईल. शिवाय यंत्राची मराठी छापील मराठी आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा खानापूरच्या बाजारात कानडीचा हेल घेऊन जी मराठी बोलली जाते, ती त्याला ठाऊक नाही. स्वस्त म्हणून त्याचाच आवाज वापरात आला, तर सीमाभागातील देखाव्यात मावळाही पुणेरी बोलू लागेल.

कायद्याचा आधार आहे, पण तो अपुरा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला. त्या व्याख्येत नट, गायक, वादक यांच्यासमवेत डोंबारी आणि गारुडीदेखील आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात नैतिक हक्काची भर पडली. मात्र हा हक्क प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगावर आहे. आवाजाचा धर्म उचलून यंत्राने नवेच गाणे रचले, तर ती नक्कल कशाची, याचे उत्तर कायद्यात स्पष्ट नाही. नामवंतांना त्यांच्या कीर्तीच्या बळावर न्यायालय दिलासा देते. वडगावातल्या तबलजीला कीर्तीही नाही आणि वकिलाची फीही नाही. न्यायालयीन लढाईला किती वर्षे लागतात, हे सीमाभागाला कुणी सांगावयास नको.

आम्ही यंत्रविरोधी नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने एकट्या विद्यार्थ्याच्या रियाझाची सोय झाली, हे आम्ही मान्य करतो. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे वापरले, ते कुटुंबीयांची अनुमती घेऊन आणि मोबदला देऊन. अनुमती आणि मोबदला, एवढेच साथीदारालाही हवे आहे.

तेव्हा दोन्ही राज्यांच्या सांस्कृतिक खात्यांनी अनुदान देताना अट घालावी, की प्रयोगात साथीला माणसे असतील आणि ध्वनिमुद्रण होणार असेल तर त्याचा पुढील वापर कोठे, किती काळ व किती मोबदल्यात, हे कलावंताच्या सहीनिशी कागदावर येईल. नाट्यसंस्थांनी आणि उत्सव मंडळांनी खात्यांची वाट पाहू नये. २०१५ साली बेळगावाने अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरवून दाखविले. त्या गावाला एक पानी करारनामा तयार करणे जड नाही. वैशाखात देखाव्यांची मिरवणूक निघेल, तेव्हा प्रत्येक चित्ररथावर आवाज कुणाचा आहे त्याचे नाव रंगवावे आणि आवाज यंत्राचा असेल तर तसेही लिहावे.