खडूने लिहिलेली वंशावळ

सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण किती खेटे घालतो! आज ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची गोष्ट.

१७८८ मध्ये इंग्रजांनी तिथे वसाहत केली आणि हजारो पिढ्यांची जमीन बिनमालकीची धरली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे खोटं ठरवलं थेट १९९२ मध्ये. तोवर माणसं जमिनीवरून उठवली गेली होती. सरकारी दप्तरात त्यांच्या नोंदी मात्र राहिल्या, कित्येकदा नावाऐवजी शिवीसारख्या शब्दांनी.

आर्ची मूर हे कामिलारोई आणि बिगाम्बुल समाजांतले कलाकार. २०२४ मध्ये इटलीत, व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात त्यांनी काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूने आपली वंशावळ लिहिली, ६५ हजार वर्षं मागे जाणारी. दप्तरातले ते शब्दही त्यांनी गाळले नाहीत. मध्येमध्ये मोठी काळी भोकं सोडली. कत्तलींनी, साथींनी घराणी तुटली ती जागा. खाली पाण्यावर मेज, त्यावर कोठडीत मेलेल्या आदिवासींच्या चौकशीचे गठ्ठे, नावं झाकलेली. आम्हाला हेच सगळ्यात बोचलं. या कामाला तिथला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण सिंह, मिळाला.

त्याचं नाव ‘किथ अँड किन’. ‘किन’ म्हणजे नातलग. ‘किथ’चा जुन्या इंग्रजीतला एक अर्थ आपला मुलूख. मूर यांच्या वंशावळीत जमीनही नात्यातलीच आहे.