मोहाची पहिली पायरी आणि लाजेची गाठ

मोहात घसरल्यावर माणूस आधी लपतो; देवापासून, घरच्यांपासून. कुणाला कळलंच नाही तर मदत तरी कोण करणार? एकटा पडला की तो पुन्हा त्याच मोहाकडे वळतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती संन्याशांनी हे चक्र बारकाईने पाहिलं आणि त्यातून सुटण्याची रीत घालून दिली.

त्यांच्यातल्या इव्हाग्रियसने ते स्वतः भोगलं होतं. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये त्याचा मोठा लौकिक होता. एका विवाहित स्त्रीत मन गुंतलं, म्हणून तो शहर सोडून जेरुसलेमला गेला. तिथे पुन्हा थाटामाटात रमला आणि तापाने सहा महिने अंथरुणाला खिळला. वैद्यांनी हात टेकले. मठ चालवणाऱ्या मेलानियाने ओळखलं की मनात काहीतरी दडलंय. तिने विचारल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. थोड्याच दिवसांत तो बरा झाला, इजिप्तला गेला आणि 399 मध्ये वारला तो तिथेच.

त्याची पहिली शिकवण अशी की विचार येणं आपल्या हाती नाही, त्याला थारा देणं आपल्या हाती आहे. खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, आळसट उबग, बढाई आणि गर्व असे आठ विचार त्याने नोंदवले. पुढे सिनायच्या जॉन क्लायमॅकसने मोहाच्या पायऱ्या मांडल्या. विचार डोकावतो, आपण त्याच्याशी बोलू लागतो, होकार देतो, मग त्याचे कैदी होतो. शेवटी त्याची सवय जडते. पहिल्या पायरीवर दोष नाही. नुसता विचार आला म्हणून लाजेने खचायचं कारण नाही. मोह तर येशूलाही झाला होता.

दुसरी गोष्ट उत्तराची. वाळवंटात चाळीस दिवस उपास केल्यावर येशूने सैतानाला तीनदा उत्तर दिलं, तिन्ही वेळा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनाने. इव्हाग्रियसने त्याच धर्तीवर आठही विचारांसाठी शास्त्रवचनं जमवून ग्रंथ केला. आपल्यालाही हे जमतं. रात्री उशिरा मोबाइल हातात घेतला की मन घसरतं, हे ठाऊक असेल तर त्या वेळेसाठी एक वचन दिवसाच पाठ करून ठेवावं. विचाराशी वाद घालत बसू नये. वचन म्हणावं, प्रार्थना करावी आणि उठून दुसऱ्या खोलीत जावं.

तिसरी गोष्ट सांगण्याची, आणि लाजेची गाठ सुटते ती इथेच. या संन्याशांच्या गोष्टी लिहून ठेवणाऱ्या जॉन कॅसियनने सेरापियन नावाच्या संन्याशाची हकिकत लिहिली आहे. लहानपणी तो अब्बा, म्हणजे वडीलधारे गुरू, थिओनास यांच्याकडे राहायचा. रोज जेवणानंतर पावाचा एक सुका तुकडा कपड्यात लपवायचा आणि चोरून खायचा. खाण्याच्या सुखापेक्षा मनाची टोचणी मोठी होती, तरी सवय सुटेना आणि लाजेमुळे बोलवेना. एकदा पाहुण्यांसमोर अब्बा खादाडपणावर बोलत असताना त्याला रडू कोसळलं. त्याने तुकडा बाहेर काढून सगळं कबूल केलं. अब्बा म्हणाले, मी काही बोलण्याआधीच तुझ्या कबुलीने तुला सोडवलं. ती ओढ पुन्हा आली नाही.

सांगायचं मात्र माणूस पारखून. कॅसियननेच लिहिलंय, मनातले विचार सांगायला आलेल्या एका तरुण संन्याशाला एका कठोर वृद्धाने इतकं झिडकारलं की तो मठ सोडून निघाला होता. अब्बा अपोलोंनी त्याला वाटेत गाठून धीर दिला: मीही म्हातारपणी याच विचारांशी झुंजतोय.

कॅथलिकांत ही रीत प्रायश्चित्त संस्कारात जिवंत आहे. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. ऐकणाऱ्या धर्मगुरूवर गुप्ततेचं कडक बंधन असतं. इतर ख्रिस्ती मंडळींतही विश्वासू पाळकाकडे किंवा बंधुभगिनींकडे मन मोकळं करतात. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं याकोबाचं पत्र सांगतंच. क्षमा आपल्या कबुलीची मजुरी नाही. ती ख्रिस्ताने क्रुसावर आधीच मिळवली आहे. कबुलीने आपण ती घ्यायला हात पुढे करतो. पुन्हा घसरलो तरी तोच हात पुन्हा पुढे करावा, आणि जे सांगायला जीभ सर्वांत जड होते, ते सर्वांत आधी सांगावं.