जाड लोकरीची शाल

पौषात पहाटेची थंडी अंगाला झोंबते. घरातली म्हातारी माणसे चुलीपुढे सरकून बसतात. त्यांच्यासाठी जाड लोकरीची मोठी शाल घरीच विणता येते. बारीक लोकरीचे काम रेंगाळते. जाड लोकरीचे भराभर वाढते आणि नवशिक्यालाही जमते.

पण लोकर घेण्याआधी एक ध्यानात ठेवा. दुकानदार जिला लोकर म्हणतो, ती पुष्कळदा मेंढीची नसतेच. तो अ‍ॅक्रिलिकचा धागा असतो. तो कारखान्यात रसायनांपासून बनतो. स्वस्त असतो, मऊ असतो, धुवायलाही सोपा. मग वाईट काय? आग! अ‍ॅक्रिलिक पेटले की भडकते, वितळते आणि कातडीला चिकटते. मेंढीची लोकर सहजी पेट घेत नाही. पेटलीच, तर विस्तवापासून दूर नेताच बहुधा विझते. चुलीपुढे बसणाऱ्या आजीच्या अंगावर कोणती शाल घालायची, ते तुम्हीच ठरवा.

पारख सोपी आहे. बोटभर धागा चिमट्यात धरा. खाली पाण्याचे ताट ठेवा आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला, राखेचा बोटांनी भुगा झाला, की धागा मेंढीचा. वितळून काळा, टणक मणी झाला, की अ‍ॅक्रिलिक. मणी निवेपर्यंत हात लावू नका हं. गुंड्याच्या चिठ्ठीवरही लिहिलेले असते. ते इंग्रजीत असले, तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या.

ऊब कुठून येते? लोकर काही स्वतः तापत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते. ती हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फार घट्ट विणू नये, हवेला जागा उरत नाही. फार सैल विणले, तर वारा आरपार जातो.

सुया जाड हव्यात. आपल्याकडे सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड असते, तर 0 नंबरची 8 मिलिमीटर. आपल्याला 0 नंबर चालेल.

आता हिशेब. तो आधी केला म्हणजे पैसे फुकट जात नाहीत. सुईवर 15 टाके घालून थोडे विणा आणि पट्टीने मोजा. समजा, 1 इंचात 3 टाके बसले. शाल 30 इंच रुंद हवी, तर टाके झाले 90. इतके टाके एका सुईवर दाटीने बसतात, मनगटही दुखते. त्यापेक्षा 45 टाक्यांच्या दोन पट्ट्या विणून जोडाव्यात. लांबी 72 इंच धरा. 100 ग्रॅमच्या एका गुंड्यात 16 इंच पट्टी झाली, तर एका पट्टीला साडेचार गुंडे, दोन्हींना 9. म्हणून आधी एकच गुंडा आणून पाहावा. मग उरलेले एकदम आणावेत, आणि चिठ्ठीवरचा रंगाचा नंबर पहिल्या गुंड्याशी जुळवून घ्यावा. एकाच रंगाच्या दोन घाण्यांत फरक पडतो.

टाके घालणे एखाद्या जाणत्या बाईजवळ बसून शिका. लिहून ते नीट कळत नाही. पुढे सगळ्या ओळी सुलटच विणायच्या. उजवी सुई टाक्यात पुढून मागे घाला, तिच्यावर धागा घ्या, तो टाक्यातून ओढून काढा, जुना टाका सोडा. झाले! अधूनमधून टाके मोजा. 46 भरले, तर बहुधा कडेला धागा सुईवरून गेलेला असतो. 44 भरले, तर टाका सुटला आहे. तो खाली उसवत जाण्याआधी पिनेत अडकवा. पुरुषांनीही हे शिकायला हरकत नाही. लडाखात पुरुषही कातकाम करत आले आहेत.

धुताना गार पाणी घ्या. गरम पाण्यात चोळली, तर मेंढीची लोकर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. पिळू नका. सावलीत बाजेवर पसरून वाळवा; दोरीवर टांगली, तर ओल्या वजनाने लांबते. उन्हाळ्यात मळकी तशीच ठेवली, तर कसर लागते. धुऊन, पूर्ण वाळवून पेटीत ठेवा.