बनाव करून डोळे उघडावेत का?

काखेत छोटा रबरी चेंडू धरून दंड अंगाशी घट्ट दाबला, की धमनीवर दाब येतो आणि मनगटाची नाडी लागेनाशी होते. हृदय अर्थातच चालू असते. ही जादूगारांची जुनी युक्ती. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात एका तरुणाने टीव्हीवर याच युक्तीने ‘नाडी थांबवून’ दाखवली. आपल्या अंगात ‘कार्लोस’ नावाचा प्राचीन आत्मा येतो, असे तो सांगे. सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये त्याला ऐकायला गर्दी झाली. काही दिवसांतच ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने उघड केले, की हा सारा बनाव अमेरिकी जादूगार जेम्स रँडी यांनी त्याच वाहिनीसाठी रचला होता. माध्यमांना पुरवलेली कात्रणेही खोटी होती. त्यांची खातरजमा करायला काही फोन पुरले असते.

खोटेपणा उघड करण्यासाठी खोटे बोलावे का, हा प्रश्न रँडींना त्याआधीही विचारला गेला होता. विमाने बनवणाऱ्या मॅकडोनेल या उद्योगपतीने दिलेल्या ५ लाख डॉलरमधून सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी राहिली होती. प्रमुख होते पीटर फिलिप्स, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. रँडींनी तिथे जादू शिकणारी दोन पोरे पाठवली, जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. मनोबलाने चमचे वाकवतो, असा त्यांचा दावा. चमच्यांना दोऱ्याने कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या असत. पोरे गुपचूप चिठ्ठ्यांची अदलाबदल करीत. मग आधीचे आणि नंतरचे माप जुळेनासे झाले, की चमचा ‘वाकला’!

या बनावाला ‘प्रोजेक्ट अल्फा’ म्हणतात. रँडींची बाजू इथे बरीच भक्कम आहे. त्यांनी फिलिप्स यांना आधीच पत्राने सावधगिरीच्या सूचना कळवल्या होत्या, स्वतः मदतीला येण्याची तयारीही दाखवली होती. शिवाय ‘तुम्ही हातचलाखी करता का?’ असे थेट विचारले, तर कबूल करायचे, असे पोरांना बजावले होते. म्हणजे फसणाऱ्यासाठी दार उघडे होते. तरीही दीर्घकाळ भेटत राहिलेल्या माणसांचा विश्वास वापरला गेला, ही टोचणी उरतेच. संशोधकांची संमती कोणी घेतली नव्हती.

मला मात्र या गोष्टीतला मधला भाग जास्त बोलका वाटतो. १९८१ मध्ये परामानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत फिलिप्स यांनी या प्रयोगांची चित्रफीत दाखवली. रँडींनी त्यातल्या फटी दाखवून दिल्या. फिलिप्स यांनी चाचण्या कडक केल्या आणि पोरांची ‘शक्ती’ ओसरली. भांडाफोड झाली ती १९८३ मध्ये. प्रयोग सुधारला, तो त्याआधीच, उघड टीकेमुळे. गौप्यस्फोटाने मथळे मिळाले, हे खरे.

आणि उघड केल्यावर तरी लोक मानतात का? १९८० च्या सुमारास बेनासी आणि सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका हौशी जादूगाराचे खेळ विद्यार्थ्यांपुढे केले. काही वर्गांत ‘हा जादूगार आहे, हातचलाखी करतो’ असे आधीच स्पष्ट सांगितले. तरी त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना त्याच्यात अतींद्रिय शक्ती असल्याचे वाटले. नुसते ‘ही युक्ती आहे’ म्हणून भागत नाही, ती कशी केली ते दाखवावे लागते.

महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हेच करीत आले आहेत. बुवांचे चमत्कार करून दाखवायचे आणि त्याच व्यासपीठावर त्यामागचे रसायन किंवा हातचलाखी समजावून सांगायची. इथे प्रेक्षक फसलेल्या अवस्थेत घरी जात नाही. कार्लोसचा प्रेक्षक मात्र काही दिवस तसाच राहिला. रँडींच्या बनावात आजार बरे करण्याचा धंदा नव्हता, म्हणून फारसे बिघडले नाही. पण उद्या कोणी ‘प्रबोधनासाठी’ खोटा वैदू उभा केला आणि उलगडा होईपर्यंतच्या चार दिवसांत एखाद्या मधुमेहीने इन्सुलिन सोडले, तर? तिथे अशा बनावाला जागा नाही, हेतू कितीही चांगला असो. पत्रकारांना किंवा प्रयोगशाळेला गंडवणे वेगळे. पडताळणी हे त्यांचे कामच आहे. आजारी माणसाचे नाही.