मुक्कामी गाडीचा वाहक



मुखेड भागात फिरतीवर असताना सोयाबीनचे बोलणे आटोपल्यावर एका बापाने मला बाजूला घेतले. "साहेब, लेकराला एसटीत लावून द्या. मध्यस्थाला द्यायला एकराचा तुकडा विकतो." लावणे माझ्या हाती नाही. पण मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांजवळ मी कितीतरी रात्री बसलो आहे. त्यांना ही नोकरी आतून कशी दिसते, ते तुम्हालाही सांगतो.

रात्री गाडी गावात आली की आपण उतरून घरी जातो. वाहकाचा दिवस तेव्हा संपत नाही. तो दिव्याखाली नोटा मोजतो, चिल्लर लावतो, मशीनमधल्या विक्रीशी ताळा पाहतो. पूर्वी तिकिटांचा ट्रे आणि पंच असे, आता मशीन आहे. रोकडीची जोखीम मात्र तीच. भरण्यात तूट आली तर खिशातून घालायची. 75 वर्षांपुढील म्हाताऱ्यांना 2022 पासून प्रवास मोफत, बायाबापड्यांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट. मोफत असले तरी तिकीट काढावेच लागते, आणि बाजाराच्या दिवशी उभ्या गर्दीतून ते काढणे म्हणजे काय, हे तुम्ही पाहिलेलेच आहे. "रानात पाऊस गेला तर आभाळाला बोलता येतं," एक वाहक मला म्हणाला, "इथं मशीनला काय बोलणार?"

मग डबा. मग पंचायतीच्या खोलीत, नाहीतर गाडीच्या बाकावर आडवे व्हायचे. पहाटे दुधाच्या किटल्या आणि कॉलेजची पोरे येण्याआधी उठायचे.

नोकरी वाईट, असे मी म्हणत नाही. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याच्या मोटारी 1932 पासून धावत. तिकडे पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला सुटली. तेव्हापासून किती शेतकऱ्यांच्या घरी या पगारावर विहिरी खोदल्या गेल्या, मुली उजवल्या गेल्या! पण 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला. महामंडळ शासनात विलीन करा, ही मागणी होती. साडेपाच महिने गाड्यांची वाहतूक विस्कळीत राहिली. उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत रुजू होण्यास सांगितले. कामगार परतले, विलीनीकरण झाले नाही. त्या दिवसांत ज्यांच्या घरी दोन एकर रान होते, त्यांची चूल हरभऱ्यावर पेटली. नुसत्या पगारावर असलेल्यांनी उसनवारी केली.

तेव्हा जमीन विकू नका. भरती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन होते. मध्यस्थाचे तिथे काम नाही. वाहकासाठी दहावी पास हवे आणि आरटीओकडून परवाना व बिल्ला काढावा लागतो. चालकाला जड वाहनाचा परवाना लागतो.

त्या बापाला मी हेच सांगितले. त्याने सारे ऐकून घेतले आणि थोडा वेळ गप्प बसून विचारले, "मुक्कामाला डबा घरचा नेता येतो ना, साहेब?"

येतो, म्हटले.